इव्हानचा प्रश्न

दाविदाने उरीयाचा घात केल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला, तो आरोपपत्र घेऊन नव्हे, तर एक गोष्ट घेऊन (२ शमुवेल १२). गरिबाची एकुलती मेंढी धनवानाने कापली, हे ऐकून राजा संतापला व त्याने निवाडा दिला. तो निवाडा आपल्याच विरुद्ध आहे हे त्याला मागाहून कळले. न्याय म्हणजे काय, हा प्रश्न त्या गोष्टीत शब्दाने कोठेही विचारलेला नाही. ऐकणाऱ्याने पक्ष घेतला तेव्हाच तो उभा राहिला.

कथा-कादंबऱ्यांतील तत्त्वचिंतन वाचकाला बहुधा याच वाटेने सापडते. आपल्यापैकी पुष्कळांना सुभाषितवजा वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय असते. (प्रस्तुत लेखकही त्यातलाच.) या सवयीने वाक्ये हाती लागतात, पण प्रश्न निसटतो.

दोस्तोयेव्हस्कीच्या ‘कारमाझोव्ह बंधू’ या कादंबरीचे उदाहरण घ्या. ती १८७९-८० मध्ये एका रशियन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या पाचव्या भागात इव्हान व त्याचा धाकटा भाऊ अल्योशा खाणावळीत बोलत बसले आहेत. अल्योशा मठातला शिष्य आहे. इव्हान त्याला निरपराध मुलांच्या छळाच्या हकिगती सांगतो. एका भूदासाच्या आठ वर्षांच्या मुलाने खेळताना दगड मारला, जनरलच्या लाडक्या कुत्र्याचा पाय दुखावला, आणि जनरलने आईच्या डोळ्यांदेखत त्या मुलावर शिकारी कुत्री सोडली. या जनरलचे काय करावे, असे इव्हान विचारतो. अल्योशा हलकेच म्हणतो की त्याला गोळी घालावी.

येथे वाचकाने थांबावे. इव्हानचे पुढचे म्हणणे प्रसिद्ध आहे: मुलांच्या अश्रूंच्या मोलाने मिळणारी विश्वाची सुसंगती मला नको, मी माझे तिकीट परत करतो. पण खरा प्रश्न त्याच्या भाषणात जितका आहे तितकाच अल्योशाच्या त्या हलक्या आवाजातील उत्तरात आहे. क्षमा शिकलेला तरुण सूडाचा निवाडा देतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर वाचकानेही तो मनात आधीच दिलेला असतो. दाविदासारखे आपण सापडतो.

इव्हानचे शब्द म्हणजेच लेखकाचे मत, असे मानून काहींनी हे पुस्तक नास्तिकतेचे ठरविले, तर काहींनी ही पाने घाईने ओलांडून पुढचा झोसिमा गुरूंचा उपदेशच तेवढा वाचला. दोन्ही वाचने उणी आहेत. १८७८ मध्ये लेखकाचा स्वतःचा मुलगा तीन वर्षांचाही न होता वारला होता. त्याचे नाव अल्योशाच. म्हणून त्याने इव्हानचा युक्तिवाद दुबळा होऊ दिला नाही. झोसिमांचे चरित्र हे त्याचे उत्तर होते, परंतु ते पुरेसे ठरेल की नाही याची धास्ती त्याने पत्रातून बोलून दाखविली. मुद्द्याला मुद्दा असे ते उत्तर नाहीच. ते एका जीवनाचे चित्र आहे. ईयोबाच्या पुस्तकाचीही रीत काहीशी अशीच आहे. देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवरच शेवटी देवाचा कोप होतो (ईयोब ४२:७), आणि दुःखाचे कारण ईयोबाला कळत नाही ते नाहीच.

म्हणून अशा पुस्तकाशी आपण इतकेच विचारावे: प्रश्न कोण विचारतो, कोणाला विचारतो, आणि त्यानंतर ते दोघे कसे वागतात? कादंबरीच्या आरंभी योहान १२:२४ हे वचन दिले आहे, म्हणजे जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचे. ते ध्यानात ठेवून शेवट वाचावा. इल्युशा नावाचा एक मुलगा आजाराने मरण पावला आहे. दफनानंतर त्याचे सोबती एका मोठ्या दगडापाशी अल्योशाभोवती जमतात. आपण खरोखर पुन्हा उठू का, इल्युशाला पाहू का, असे कोल्या विचारतो. अल्योशा होय म्हणतो, आणि मग सारे श्राद्धाच्या जेवणाला जातात. इव्हान त्या वेळी दुसऱ्या घरी तापाने बेशुद्ध पडलेला आहे. ते उत्तर त्याने ऐकलेले नाही.