भांड्यांतील मृत्यु
(घरांतील जंतुनाशकांविषयीं एक पाठ)

वाचन: २ राजे ४:३८–४१, रोम १०:२, नीति १९:२.
पाठाचा हेतु: रोगजंतु मारणारें औषध घरांत व मंदिरांत सावधपणें कसें वापरावें हें शिकणें, आणि चांगल्या हेतूस ज्ञानाची जोड लागते हें ओळखणें.

गिलगाल येथें दुष्काळ पडला असतां अलीशा संदेष्ट्यानें आपल्या शिष्यांकरितां मोठें भांडें चुलीवर ठेवावयास सांगितलें. एक जण भाजीपाला आणावयास रानांत गेला. त्यास एक रानवेल आढळली. तिचीं फळें त्यानें ओटीभर तोडून आणलीं व चिरून कालवणांत घातलीं. तीं कसलीं आहेत हें कोणासच ठाऊक नव्हतें. घास तोंडांत जातांच ओरड झाली. त्या मनुष्याचा हेतु वाईट होता काय? मुळींच नाहीं. भुकेल्या बांधवांचें पोट भरावें म्हणूनच तो रानांत हिंडला. परंतु हेतु निर्मळ होता म्हणून विष निवळलें नाहीं. आजच्या पाठाचा गाभा हाच आहे.

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची साथ जगभर पसरल्याचें जाहीर केलें, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून आपल्या देशांत टाळेबंदी झाली. पुढें मंदिरें पुन्हां उघडलीं तेव्हां एका खेड्यांतील मंडळीस आम्हीं सांगितलें, "मंदिर धुतांना औषध चांगलें कडक असूं द्या." कोणतें औषध, किती, कशाबरोबर, हें कांहींच सांगितलें नाहीं. शनिवारीं दोघी भगिनी कामास लागल्या. एकीनें ग्रामपंचायतींतून मिळालेली टी.सी.एल. पावडर बादलींत कालविली. दुसरीनें, अधिक गुण यावा म्हणून, संडास धुण्याचें ॲसिड तींत ओतलें. खिडक्या लावलेल्या होत्या. उग्र वाफ उठली, डोळे झोंबूं लागले, खोकल्यानें जीव घाबरा झाला. बाहेर खेळणाऱ्या एका मुलानें दार ढकललें म्हणून दोघी निघाल्या. त्यांतील वृद्ध भगिनीस दोन रात्री दवाखान्यांत काढाव्या लागल्या. देवाच्या दयेनें ती बरी झाली. तिनें आम्हांस दोष दिला नाहीं. "पाळकसाहेब, तुम्हीं सांगितलें तसेंच केलें," एवढेंच ती म्हणाली. तें वाक्य आम्हांस अद्याप टोचतें. म्हणून जें त्या दिवशीं सांगावयाचें राहिलें तें आज लिहितों.

१. दोन औषधें कधीं मिसळूं नयेत. टी.सी.एल. पावडर व बाटलींतील ब्लीच यांत जंतु मारण्याचें बळ क्लोरीनपासून येतें. त्यांत ॲसिड पडलें कीं तो क्लोरीन वायुरूपानें सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं, पहिल्या महायुद्धांत, बेल्जममधील इप्र येथें जर्मन सैन्यानें शत्रूवर सोडला तो हाच वायु. तो हवेहून जड असतो, फुप्फुसांत शिरून तीं जाळतो. अमोनिया असलेल्या द्रवांत ब्लीच मिसळलें तरी विषारी वाफ निघते. लिंबू व शिरका हीं देखील आंबट, म्हणून तींही ब्लीचमध्यें घालूं नयेत. दोहोंचा गुण एकत्र होईल ही समजूत खोटी आहे.

२. प्रमाण मोडूं नये. प्रथम साबण व पाण्यानें मळ काढावा, कारण मळावरच औषधाचें बळ खर्च होतें. मग शेंकडा ५ भागांचें ब्लीच असेल तर एक लिटर थंड पाण्यांत २० मिलिलिटर, म्हणजे सुमारें चार चहाचे चमचे, पुरे होतात. फरशी, कडी, बांक यांवर तें दहा मिनिटें ओलें राहूं द्यावें व मग पुसावें. खिडक्या उघड्या ठेवाव्या, हातांत रबरी मोजे घालावे. मिश्रण रोजचें रोज करावें. शिळ्या मिश्रणाचा जोर जातो. विहिरींत पंचायतीचा मनुष्य जी टी.सी.एल. टाकतो तिचें माप निराळें. तें काम त्याच्याकडेच असूं द्यावें.

३. तें अंगाला नव्हे, पोटांत तर नव्हेच. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशांत बरेली येथें गांवीं परतणाऱ्या मजुरांस रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर असें औषध फवारण्यांत आलें. त्यांचे डोळे चुरचुरले. एप्रिल महिन्यांत केंद्रीय आरोग्य खात्यानें मनुष्यांवर फवारणी करूं नये असें कळविलें. शिकलेले लोकही चुकले. मे २०२० मध्यें अमेरिकेंत ५०२ प्रौढांची विचारपूस झाली. त्यांतील शेंकडा ३९ जणांनीं अन्न ब्लीचनें धुणें, तें अंगास लावणें, अशी कांहीं तरी धोक्याची गोष्ट केली होती. इराणांत मद्यानें रोग टळतो या अफवेमुळें शेंकडों लोक मिथेनॉल पिऊन मेले, कित्येक आंधळे झाले. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत वणी येथें एप्रिल २०२१ मध्यें दारू मिळेना म्हणून सात जणांनीं हात चोळण्याचें सॅनिटायझर प्यालें व प्राण गमावले. सॅनिटायझर पेट घेतें, हेंही बायाबापड्यांनीं ध्यानांत धरावें: हात पूर्ण वाळल्यावांचून चुलीजवळ जाऊं नये.

४. बाटली ओळखीची असावी. फिनेल किंवा ॲसिड सरबताच्या बाटलींत कधीं ओतूं नये. मूल रंग पाहतें, अक्षर वाचीत नाहीं. त्याच जिल्ह्यांत ३१ जानेवारी २०२१ रोजीं बारा बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजीं सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले, तीं वांचलीं. शिकविलेल्या माणसांच्या हातूनही जें घडलें तें आपल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरांत सहज घडेल. औषध उंच फळीवर, मूळच्या बाटलींत, कुलपांत ठेवावें.

५. अपघात झाल्यास. वाफ लागली तर ताबडतोब मोकळ्या हवेंत यावें. डोळ्यांत उडालें तर स्वच्छ पाण्यानें पंधरा-वीस मिनिटें धुवावें. कोणी प्यालें तर ओकारी करवूं नये, मिठाचें पाणी पाजूं नये. जें जातांना जाळतें तें परततांनाही जाळतें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती बाटली डॉक्टरांस दाखवावी. अलीशानें भांड्यांत पीठ टाकलें तें देवाच्या आज्ञेनें. आपण घरगुती उतारे शोधीत बसूं नये. मंडळीनें प्रार्थना करावी, पण ती गाडींत बसून करावी.

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची आणीबाणी संपल्याचें सांगितलें. साथ ओसरली, पण तेव्हांच्या बाटल्या अजून पुष्कळ घरांतील कोनाड्यांत आहेत, आणि पावसाळा आला कीं हगवणीच्या भीतीनें त्या पुन्हां बाहेर निघतात. रोजच्या स्वच्छतेस साबण व पाणी पुरें आहे हें विसरूं नये. पौलानें आपल्या लोकांच्या आवेशाची साक्ष दिली, पण त्यांत ज्ञान नाहीं याचें त्यास दुःख होतें. उपदेशक बंधूंनो, आपला शब्द मंडळी तंतोतंत पाळते. म्हणून तो पुरा सांगा.

विचारार्थ प्रश्न
१. रानांत गेलेल्या शिष्याचें चुकलें काय, व चांगलें काय होतें?
२. ब्लीच व ॲसिड एकत्र केल्यास काय होतें?
३. एक लिटर पाण्यांत ब्लीच किती घालावें, व त्याआधीं काय करावें?
४. या आठवड्यांत प्रत्येकानें आपल्या घरांतील बाटल्या पाहाव्या. नांव नसलेली बाटली कोणाच्या घरीं सांपडली, हें पुढील रविवारीं सांगावें.