मोहिमेनंतरचे काम

सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहिमेस आरंभ झाला, ही गोष्ट बहुतेक शिक्षकबंधुभगिनींस ठाऊक असेल. गावातील निरक्षर प्रौढांना साक्षर करण्याचा भार गावकऱ्यांनी व प्राथमिक शिक्षकांनी मिळून उचलला आणि काम पुरे झाले म्हणजे ग्रामगौरवाचा समारंभ होई. तो उत्साह खरा होता. परंतु समारंभानंतर ज्यांच्या हाती वाचावयास काही आले नाही, अशा प्रौढांची अक्षरे हळूहळू पुसट होत गेली, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा. मात्र प्रौढांच्या बाबतीत नव्हे, तर आपल्या तिसरी-चौथीच्या मुलांच्या बाबतीत.

वाचनाचा एखादा उपक्रम चाळीस-पन्नास दिवस नेटाने चालविला, तर मागे पडलेली मुले पुढे सरकतात, याविषयी आता शंका उरलेली नाही. मुंबई व बडोदे येथे २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ हा प्रयोग झाला. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे व त्यांना मूलभूत वाचन-गणित शिकवी. मुलांची प्रगती स्पष्ट दिसून आली. परंतु कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावर पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा झालेल्या लाभातील बराच भाग ओसरला होता. बालसखी चांगली नव्हती असा याचा अर्थ नव्हे. मूल परतले ते ज्या वर्गात, तो वर्ग मात्र पूर्वीसारखाच राहिला होता.

याहून बोलका दाखला बिहारचा आहे. तेथे जून २००८ मध्ये सरकारी शाळांतील शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरे घेतली. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसविता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसविले आणि थोड्या दिवसांत वाचन सुधारले. पुढे शाळा नियमित सुरू झाल्यावर शिक्षकांना याच पद्धतीचे प्रशिक्षण दिले, साहित्यही पुरविले. पण गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पद्धत तीच व शिक्षकही सरकारी शाळांचेच. मग बदलले काय? शिबिरात शिक्षकापुढे फक्त मूल होते. शाळेत पाठ्यपुस्तक पुरे करण्याची घाई होती, आणि नव्या पद्धतीसाठी वेळापत्रकात जागा नव्हती. शिक्षकाला आळशी ठरविण्याची आपल्याकडील सवय किती उथळ आहे, हे या दाखल्यावरून ध्यानात यावे.

हरियाणात २०१२-१३ साली हा अनुभव जमेस धरून काम मांडले गेले. शाळेच्या दिवसातील एक तास केवळ याच कामासाठी वेगळा काढण्यात आला व त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले पातळीप्रमाणे बसविली गेली. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक मोलाची आहे. शाळांना भेटी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रथम स्वत: पंधरा-वीस दिवस मुलांना शिकविले व नंतरच ते शिक्षकांना मार्गदर्शन करावयास गेले. येथे मुलांचे हिंदी वाचन नियमित शाळेतच सुधारले. स्वत: खडू हाती घेतलेल्या मनुष्याचा शब्द शिक्षक ऐकतो, केवळ तक्ता भरून घेण्यास आलेल्याचा ऐकत नाही.

आपल्याकडे हे काम करण्यास केंद्रप्रमुख आहेत, साधनव्यक्ती आहेत, मुख्याध्यापक आहेत. त्यांनी शाळाभेटीचा क्रम बदलून पाहावा, एवढीच विनंती आहे. पहिल्या भेटीत पाठ स्वत: घ्यावा व शिक्षकाने तो पाहावा. दुसऱ्या भेटीत दोघांनी मिळून घ्यावा. तिसऱ्या भेटीत शिक्षकाने घ्यावा आणि आपण मागे, मुलांच्या ओळीत बसावे. त्यानंतर भेटींमधील अंतर वाढवीत न्यावे. आपण गेलो नाही तरी तो तास होतो की नाही, हीच खरी कसोटी होय. आणि ही कसोटी शिक्षकाची नव्हे, आपली आहे. शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ असे लिहून निघणे सोपे असते. मी स्वत: ते अनेकदा केले आहे. त्याऐवजी ‘अमुक तीन मुले शब्दांवर अडली आहेत, पुढील भेटीत त्यांचेच वाचन ऐकीन’ असे लिहिले, तर पुढच्या भेटीला प्रयोजन मिळते आणि शिक्षकालाही कोणीतरी आपल्या कामाचा धागा धरून आहे असे वाटते.

शाळेतील शिक्षकांचा गट हाच अखेर या कामाचा धनी आहे. दोनशिक्षकी शाळेत गट तो केवढा, असे कोणी म्हणेल. परंतु तेथेच धोका अधिक असतो. कारण एकाची बदली झाली की अर्धी शाळा बदलते. नवीन शिक्षक रुजू होतो तेव्हा त्याच्या हाती हजेरीपट येतो, जडवस्तू नोंदवही येते, पण कोणते मूल अक्षरावर आहे, कोणते शब्दावर, कोणते परिच्छेद वाचू लागले आहे, याची वही येत नाही. ती मागील शिक्षकाच्या स्मरणात असते आणि त्याच्याबरोबर जाते. परिणामी मार्चमध्ये अडखळत का होईना गोष्ट वाचणारी मुलगी जूनमध्ये पुन्हा मागच्या बाकावर गप्प बसते, आणि ती कधी वाचत होती हे कोणालाच ठाऊक नसते.

ही वही साधी असावी. प्रत्येक मुलास एक पान, महिन्यास एक ओळ. त्यात तारीख, वाचलेला मजकूर व पातळी, इतके पुरे. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखविण्यापूर्वी अर्धा तास या वह्यांतील दोन-तीन मुलांविषयी बोलावे. कोणाचा काय उपाय चालला, कोणाचा फसला, हे शिक्षकांनीच एकमेकांस सांगावे. फसलेले सांगण्यास प्रथम संकोच होतो. तेव्हा आरंभ केंद्रप्रमुखांनी आपल्याच फसलेल्या पाठापासून करावा.

सुटीनंतर शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात, पुस्तके वाटण्याच्या गडबडीतही, प्रत्येक मुलाचे वाचन एकदा ऐकावे व मार्चच्या ओळीखाली त्याची नोंद करावी. जेथे घसरण दिसेल तेथे वाचनाचा तास त्याच दिवसापासून सुरू करावा. पुढील मोहिमेच्या परिपत्रकाची वाट पाहू नये.