पोशाखाची दोन मापे



आपला जिल्हा धानाचा. पूर्वी आपल्या गावोगावी धान पायलीने मोजून दिले-घेतले जात असे. एखादा व्यापारी घेताना मोठी पायली आणि देताना लहान पायली वापरू लागला, तर त्याचा धंदा कितीही भरभराटीला आला तरी त्याला कोणी सज्जन म्हणत नसे. पवित्र शास्त्रातील अनुवाद नामक पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर आपल्या पिशवीत लहान व मोठी अशी दोन वजने बाळगण्याचीच मनाई केली आहे. वापरणे दूरच, जवळ असणे हाच दोष.

धान्याच्या बाबतीत हा नियम आपणांस सहज पटतो. परंतु माणसांना मोजताना आपण सर्वजण अशी दोन वजने बाळगतो, आणि त्याची आपणांस जाणीवही नसते. त्यांपैकी एका वजनाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. कामावर जाणाऱ्या पुरुषाचा पोशाख आपण त्याच्या कामावरून तोलतो. कामावर जाणाऱ्या स्त्रीचा पोशाख मात्र तिच्या शीलावरून तोलतो.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर व्याख्यान दिले. मुंबईत शाळेला पायी जाताना आपणांस काय सोसावे लागले, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. रस्त्यात लोक भोवती जमत व हसत. ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसे खडे मारीत. दुकानदार त्यांना पाहून थुंकत. काशीबाई कानिटकर व आनंदीबाई प्रथम पायांत बूट घालून व हातात छत्री घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्यावर दगड आले, असेही सांगतात. आता विचार करा. त्याच काळात कचेरीत जाणारे शेकडो कारकून व वकील कोट, पाटलोण आणि बूट घालू लागले होते. त्यांची थोडीबहुत थट्टा झाली असेल. पण छत्री घेतली म्हणून पुरुषावर कोणी दगड उचलला नाही. पुरुषाची छत्री उन्हापावसासाठी होती. स्त्रीची छत्री मात्र उद्धटपणाची खूण ठरली.

अमेरिकेत आनंदीबाईंनी आपला देशी वेष सोडला नाही. १८८५ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात त्या लुगडे नेसून बसल्या आहेत. शेजारी जपानच्या व सीरियाच्या दोन सहाध्यायिनी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. परंतु नऊवारी नेसणीत पायांच्या पोटऱ्या उघड्या राहतात, आणि फिलाडेल्फियाची थंडी कडक. म्हणून त्यांनी लुगडे गुजराती पद्धतीने नेसण्यास प्रारंभ केला. केवढी ही लहानशी गोष्ट! पण मायदेशी आपल्या वेषावर सर्वांची नजर आहे, हे ओळखून त्यांना पदराचाही विचार करावा लागत होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. म्हणून आजचे पाहू. वकिलांच्या वेषाचे नियम बार कौन्सिलने केले आहेत. सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. आपल्या विदर्भाच्या मे महिन्यात ही सवलत किती योग्य आहे हे सांगणे नको. स्त्री वकिलांना साडी किंवा सलवार-कुडता चालतो, आणि दुपट्टा घ्यावा की न घ्यावा हे त्यांच्यावर सोपविले आहे. येथे माप कामाचे आहे. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात एक सूचना लागली, की स्त्री वकिलांनी न्यायालयात केस सारखे करू नयेत, त्यामुळे कामकाजात व्यत्यय येतो. टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली. मिशीवरून हात फिरविणाऱ्या पुरुषामुळे व्यत्यय येतो, असे मात्र आजवर कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही.

आम्हां शिक्षकांसाठी मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोशाखाविषयी निर्णय काढला. जीन्स व टी-शर्ट दोघांनाही वर्ज्य केले, हे न्याय्यच आहे. पुरुषांनी शर्ट-पँट घालून शर्ट आत खोचावा, असे त्यात सांगितले. स्त्रियांनी साडी, अथवा सलवार किंवा चुडीदार, कुडता व दुपट्टा वापरावा, असे म्हटले. शर्ट खोचणे हा नीटनेटकेपणा झाला. पण वकील स्त्रीला ऐच्छिक असलेला दुपट्टा शिक्षिकेच्या यादीत का आला? फळ्यावर लिहिताना किंवा प्रयोगशाळेत दिव्याजवळ काम करताना तो सावरीत बसावे लागते, हे आमच्या भगिनी शिक्षिकांना विचारा.

दुसऱ्यांचे दोष दाखविणे सोपे. म्हणून माझाही सांगतो. एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी पोशाखाच्या सूचना फळ्यावर लिहिल्या. एका विद्यार्थिनीने उभे राहून नम्रपणे म्हटले, "सर, मुलांसाठी दोन सूचना आहेत आणि आमच्यासाठी सात." मी मोजून पाहिले, तिचे म्हणणे खरे होते. मुलांच्या दोन्ही सूचना स्वच्छतेच्या होत्या. मुलींच्या सातांपैकी पाच 'लोक काय म्हणतील' या भयाच्या होत्या. त्या पाच मी पुसून टाकल्या. संमेलन यथास्थित पार पडले.

पोशाखाला नियम नसावेत, असे माझे म्हणणे नाही. शिस्त हवीच. पण माप एक हवे. पोशाख स्वच्छ आहे काय, कामास सोयीचा आहे काय, आणि ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांचा मान राखणारा आहे काय, हे तीन प्रश्न मुलालाही विचारा आणि मुलीलाही. चौथा प्रश्न केवळ मुलीसाठी राखून ठेवलेला असेल, तर तो प्रश्न म्हणजे पिशवीतील दुसरे वजन होय, असे समजावे.

पालकहो, आपल्या कन्या उद्या दवाखान्यात, न्यायालयात व वर्गात उभ्या राहतील. त्यांच्या ज्ञानाकडे पाहण्याआधी जग त्यांच्या पदराकडे पाहील. निदान घरी तरी त्यांना पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारला जावा. आणि मुलांनो, आपली बहीण बाहेर निघाली असता तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळण्यापूर्वी एकदा आरशापुढे उभे राहून स्वतःची गुंडी लावलेली आहे की नाही, ते पाहून घ्यावे.