निळा किनारा : नगरे आणि पुळणी

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठाने इटलीच्या सीमेपर्यंत गेलेल्या चिंचोळ्या भूभागाला फ्रेंच लोक ‘कोत दाझ्यूर’ म्हणजे ‘निळा किनारा’ असे म्हणतात. इतरत्र तो ‘रिव्हिएरा’ या इटालियन नावाने अधिक परिचित आहे. ‘निळा किनारा’ हे नाव फार जुने नाही. स्तेफॅन लिएजार या लेखकाने १८८७ साली याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ते रूढ झाले. पश्चिमेकडील सें-त्रोपेपासून पूर्वेकडील माँतोंपर्यंत सरळ रेषेत मोजल्यास हे अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. एवढ्याशा पट्टीत निस, कान, आँतीब यांसारखी जगप्रसिद्ध नगरे आणि मोनॅकोचे स्वतंत्र संस्थान सामावलेले आहे.

या किनाऱ्याच्या सौंदर्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्यात भर घालण्याचा येथे हेतू नाही. ज्या किनाऱ्याकडे आज लोक उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी धावतात, त्याच किनाऱ्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उन्हाळ्यात थांबणे अविचाराचे मानले जात असे. निसर्ग तोच राहिला, पण माणसाची दृष्टी बदलली. ती कशी बदलली आणि त्या बदलाने किनाऱ्याचे काय झाले, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

भूमी आणि हवामान

भारताचे उत्तर टोक सुमारे ३७ अक्षांशावर आहे. निस नगर त्याच्याही बरेच उत्तरेस, ४३ आणि ४४ अक्षांशांच्या दरम्यान वसलेले आहे. असे असूनही तेथे जानेवारी महिन्यात सरासरी तापमान नऊ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि उघड्यावर लिंबे व संत्री पिकतात. याचे कारण पाठीशी उभ्या असलेल्या आल्प्स पर्वतात आहे. किनाऱ्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर तीन हजार मीटरांहून उंच शिखरे आहेत. उत्तरेकडील गार वारे ती अडवितात. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुटणारा ‘मिस्त्राल’ हा बोचरा वाराही येथवर पोहोचेपर्यंत बराचसा क्षीण होतो. उन्हाळ्यात साठविलेली उष्णता समुद्र हिवाळ्यात सावकाश सोडतो. पर्वत आणि सागर यांच्या या सहकार्यामुळेच येथील हिवाळा सौम्य झाला आहे. पाऊस पडतो, तो मुख्यतः शरद ऋतूत आणि थोड्या दिवसांत. परंतु पडतो तेव्हा जोराने कोसळतो.

भूमध्य समुद्राचा आणखी एक विशेष आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावा. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला आणि ओहोटीला पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. निसच्या किनाऱ्यावर हा फरक काही सेंटिमीटरांतच मोजावा लागतो. त्यामुळे ओहोटीला उघडी पडणारी विस्तीर्ण पुळण तेथे नाही. किनारा अरुंद आहे आणि घरे, रस्ते व हॉटेले पाण्याला अगदी भिडून उभी राहू शकली आहेत. निसचा किनारा तर वाळूचा नाहीच, तो करड्या गोट्यांचा आहे. पर्वतातून वेगाने उतरणाऱ्या व्हार नदीने हे गोटे आणून टाकले. पुढे नदीला बांध घातले गेले, किनाऱ्यावर बांधकामे वाढली आणि गोट्यांची आवक घटली. आता वेळोवेळी बाहेरून गोटे आणून किनारा भरावा लागतो. कान येथील मऊ वाळूतही बाहेरून आणलेल्या वाळूचा मोठा वाटा आहे. पाहुण्याला नैसर्गिक वाटणारी पुळण अशा प्रकारे अंशतः मनुष्यनिर्मित आहे.

हिवाळ्यातील पाहुणे

प्राचीन काळी ग्रीकांनी येथे निकैआ आणि अँटिपोलिस या वसाहती स्थापन केल्या. आजची निस आणि आँतीब ही नगरे ती हीच. त्यानंतर अनेक शतके हा किनारा कोळ्यांचा, ऑलिव्ह पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि भयाचाही होता. समुद्री चाच्यांच्या धास्तीने लोकांनी डोंगरमाथ्यांवर तटबंदीची गावे वसविली. एझ हे गाव आजही कड्यावर घरट्यासारखे बसलेले दिसते. १५४३ साली ऑटोमन आरमार आणि फ्रेंच सैन्य यांनी मिळून निसला वेढा घातला होता. समुद्राकडून संकट येते, अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत, ते लोक हौसेने समुद्राकाठी घर बांधणे शक्य नव्हते.

बदलाला आरंभ झाला तो आजाऱ्यांपासून. टोबायस स्मॉलेट हा ब्रिटिश कादंबरीकार आणि वैद्य १७६३ साली प्रकृतीस आराम पडावा म्हणून निसला आला. तो समुद्रात स्नान करी, याचे स्थानिक लोकांना मोठे नवल वाटे. १७६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाने इंग्लंडमध्ये या प्रदेशाचे नाव झाले. क्षयावर खात्रीचे औषध नव्हते, त्या काळात सौम्य हवा हेच औषध मानले जाई. श्रीमंत रुग्ण ऑक्टोबरात येत आणि वसंत ऋतू सरताच परतत. माँतोंच्या जुन्या टेकडीवरील दफनभूमीत इंग्रज, रशियन आणि इतर परदेशी लोकांच्या कबरी आहेत. त्यांतील अनेक जण अकाली मरण पावलेले तरुण होते. आज ज्या उन्हाकडे मौज म्हणून पाहिले जाते, ते ऊन त्यांच्या लेखी अखेरचा उपाय होता.

निसमधील प्रसिद्ध सागरी विहारमार्गाचा उगमही विलासात नाही. १८२०च्या सुमारास कडाक्याच्या थंडीने संत्र्याच्या बागा जळाल्या आणि मजुरांच्या हातचे काम गेले. तेव्हा ल्यूइस वे या इंग्रज धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने वर्गणी जमवून मजुरांना किनाऱ्याने वाट बांधण्याचे काम देण्यात आले. स्थानिक लोक तिला ‘इंग्रजांची वाट’ म्हणू लागले आणि तेच नाव फ्रेंच रूपात कायम झाले. दुष्काळात रस्त्याची कामे काढून लोकांना रोजगार देण्याची आपल्याकडील पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही हकीकत ओळखीची वाटेल.

कानची कथा योगायोगाची आहे. इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम हे १८३४ साली निसकडे निघाले होते. निस त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात होते आणि फ्रान्समध्ये पटकीची साथ असल्याने सीमा बंद करण्यात आली होती. नाइलाजाने ते कान या कोळ्यांच्या खेड्यात थांबले. त्यांना ते इतके आवडले की, त्यांनी तेथे घर बांधले; १८६८ साली त्यांचे निधनही तेथेच झाले. त्यांच्या मागोमाग इतर धनिक आले. निस १८६० साली फ्रान्सला जोडले गेले. लोहमार्ग १८६३ साली कानला आणि १८६४ साली निसला पोहोचला. कित्येक दिवसांचा घोडागाडीचा प्रवास संपला आणि युरोपातील राजघराणी हिवाळा घालविण्यास येऊ लागली. राणी व्हिक्टोरिया १८९५ ते १८९९ या काळात दरवर्षी निसच्या सिमिए टेकडीवर मुक्काम करी. तिच्या परिवारात आग्र्याहून गेलेला मुनशी अब्दुल करीमही असे. रशियनांचे भव्य चर्च १९१२ साली निसमध्ये उभे राहिले.

आज या किनाऱ्याची खूण ठरलेली झाडेही पाहुणीच आहेत. पिवळ्या फुलांचा मिमोसा आणि निलगिरी ऑस्ट्रेलियातून आले. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतून आली. ग्रास गावी अत्तरासाठी पिकविली जाणारी जाई मूळची आशियातील आहे. तिची फुले भल्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडावी लागतात. या परिसरातील सुगंधनिर्मितीच्या परंपरेला युनेस्कोने २०१८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. हिवाळी विश्रामनगर म्हणून घडलेल्या निसचा समावेश २०२१ साली जागतिक वारसास्थळांत झाला.

ऋतू उलटा झाला

एकोणिसाव्या शतकात एप्रिल-मे येताच हॉटेलांना कुलपे लागत. उन्हाने काळवंडलेली कातडी ही शेतात राबणाऱ्याची खूण समजली जाई. प्रतिष्ठित स्त्रिया छत्री आणि हातमोजे यांवाचून बाहेर पडत नसत. पहिल्या महायुद्धाने हे जग मोडले. हॉटेलांची रुग्णालये झाली आणि १९१७च्या क्रांतीनंतर रशियन सरदार पाहुणे म्हणून येईनासे झाले. त्याच सुमारास सूर्यप्रकाश आरोग्यदायी असल्याचा विचार वैद्यकात बळावला आणि उन्हाने तांबूस झालेली त्वचा श्रमाची नव्हे तर फुरसतीची खूण ठरू लागली. १९२३ साली आँतीबच्या भूशिरावरील एका हॉटेलने उन्हाळ्यातही दारे उघडी ठेवली. तेथे काही अमेरिकन कलावंत मंडळी राहिली. पुढील दहा वर्षांत उन्हाळा हाच मुख्य हंगाम झाला.

तथापि, हा बदल तोपर्यंत मूठभरांचाच होता. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला आणि समुद्र कधीही न पाहिलेली कुटुंबे रेल्वेने दक्षिणेकडे येऊ लागली. किनाऱ्याच्या इतिहासात ही घटना राणीच्या भेटीपेक्षा अधिक महत्त्वाची मानावी लागेल. किनाऱ्यावरील आनंद हा सर्वांचा हक्क आहे, ही कल्पना त्या कायद्याने प्रथम व्यवहारात आणली.

कानचा चित्रपट महोत्सव १९३९च्या सप्टेंबरात भरावयाचा होता. महायुद्ध सुरू झाल्याने तो रद्द झाला आणि अखेर १९४६ साली प्रथम भरला. त्या पहिल्याच महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाच्या मानकऱ्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ हा चित्रपट होता. १९५२ साली व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ तेथील स्पर्धेत होता. सें-त्रोपेचा भारताशी असलेला संबंध त्याहूनही जुना आहे. महाराजा रणजितसिंहांच्या सैन्यातील सेनानी झाँ-फ्रान्स्वा आलार हे येथलेच. त्यांची पत्नी बन्नू पानदेई ही चंबा प्रदेशातील होती. १८३५ साली ते तिला आणि मुलांना घेऊन गावी आले. पुढे आलार पंजाबात परतले आणि १८३९ साली पेशावर येथे त्यांचे निधन झाले. बन्नू मात्र मुलांसह सें-त्रोपेतच राहिली आणि १८८४ साली तेथेच वारली.

किनारा कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धानंतर येणाऱ्यांची संख्या वाढली, तशी काँक्रीटची भिंतही वाढली. डोंगर आणि समुद्र यांमधील जागा मुळात थोडी. तीत घरे, मोटाररस्ते, नौकातळ आणि समुद्रात भर घालून तयार केलेला विमानतळ मावावयाचा होता. १६ ऑक्टोबर १९७९ रोजी विमानतळालगत चाललेल्या भरावाच्या बांधकामाचा काही भाग खचून समुद्रात गेला. त्यातून उसळलेली लाट आँतीबपर्यंत पोहोचली आणि जीवितहानी झाली. ३ ऑक्टोबर २०१५च्या रात्री कान आणि आसपासच्या गावांत अतिवृष्टीने आलेल्या पुरात वीस माणसे दगावली. जमीन काँक्रीटखाली झाकली गेल्यावर शरदातील जोराचा पाऊस मुरणार कोठे, हा प्रश्न त्या रात्रीने सर्वांसमोर उभा केला. पाण्याखालीही हानी झाली आहे. पोसिडोनिया ही मुळे आणि फुले असलेली सागरी वनस्पती तळाशी कुरणांसारखी पसरते, माशांच्या पिलांना आसरा देते आणि किनाऱ्याची धूप रोखते. विहारनौकांचे अवजड नांगर ती उपटून काढतात. अलीकडे मोठ्या नौकांना या कुरणांवर नांगर टाकण्यास बंदी करण्यात आली आहे.

फ्रान्सने या बाबतीत टप्प्याटप्प्याने कायदे केले. १९७५ साली किनाऱ्यावरील जमिनी विकत घेऊन त्या कायमच्या मोकळ्या राखणारी सार्वजनिक संस्था स्थापन झाली. १९७६च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी मालमत्तांतून पादचाऱ्यांसाठी तीन मीटर रुंदीची वाट मोकळी ठेवणे बंधनकारक झाले. ३ जानेवारी १९८६च्या किनारा कायद्याने, वस्तीबाहेरील भागात किनाऱ्यापासून शंभर मीटरांच्या पट्ट्यात नव्या बांधकामास सामान्यतः मनाई केली आणि पुळणीवर सर्वांना विनामूल्य प्रवेश हा नियम ठरविला. २००६च्या एका आदेशानुसार नैसर्गिक पुळणीचा ऐंशी टक्के भाग आसने आणि उपाहारगृहे यांपासून मुक्त ठेवावा लागतो.

कायदा असला तरी त्याची राखण नागरिकांनाच करावी लागते. २०१५च्या जुलैमध्ये सौदी अरेबियाच्या राजांच्या मुक्कामासाठी व्हालोरिस येथील त्यांच्या प्रासादाखालची सार्वजनिक पुळण सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात आली. निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. राजे अपेक्षेपेक्षा लवकर परतले आणि पुळण पुन्हा खुली झाली.

आँतीब आणि फेरा या भूशिरांवर धनिकांचे प्रासाद आहेत, आणि त्यांच्या कुंपणांखालून, खडकांच्या कडेने, एक पायवाट गेलेली आहे. एके काळी चोरटा व्यापार पकडण्यासाठी जकातीचे शिपाई तेथून गस्त घालीत. आज तीवरून कोणीही चालू शकते. या किनाऱ्याची नगरे, उद्याने आणि पुळणी पाहावयास जाणाऱ्याने ती पायवाट अवश्य पाहावी. समुद्र तेथून जसा दिसतो, तसा तो कोणत्याही प्रासादाच्या गच्चीतून दिसतो. आणि त्यासाठी मोल द्यावे लागत नाही.