कापलेल्या फोटोची दातेरी कड

प्रश्न : बहिणीच्या लग्नपत्रिकेसाठी फोटोशॉपमध्ये फोटोची पार्श्वभूमी काढली. पण कडा दातेरी दिसतात, केसांभोवती पांढरी रेघही राहते. काय करू?

उत्तर : तुम्ही बहुधा मॅजिक वँडने निवड करून थेट डिलीट दाबलं असणार. त्यातलं अँटी-अलियास बंद असेल, तर प्रत्येक पिक्सेल एक तर पूर्ण राहतो किंवा पूर्ण जातो. अधलंमधलं काही नाही, म्हणून पायऱ्या दिसतात. ते सुरू करा, आणि पुसण्याऐवजी लेयर मास्क लावा, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहील.

मग सिलेक्ट अँड मास्कमध्ये फेदर ०.५ ते १ पिक्सेल पुरे. जास्त दिलंत तर माणूस धुक्यातून चालत आल्यासारखा दिसतो (पत्रिकांवर असे नवरदेव पुष्कळ!). पांढरी रेघ जुन्या पार्श्वभूमीची आहे. शिफ्ट एज उणे १०-१५ टक्के करा, कड आत सरकेल. केसांवर मात्र फेदर नको. तिथे रिफाइन एज ब्रश फिरवा आणि डीकंटॅमिनेट कलर्स सुरू करा.

तपासताना खाली पत्रिकेचाच रंग ठेवा. मरून असेल तर उरलीसुरली पांढरी कड लगेच उघडी पडते. सेव्ह पीएनजीमध्ये करा, जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.