नोकरीतील हितसंघर्ष

समजा, तुम्ही एका औषध कंपनीच्या खरेदी विभागात काम करता. कंपनीला वर्षभरासाठी पुठ्ठ्याची खोकी हवी आहेत. चार पुरवठादारांची दरपत्रके तुमच्या टेबलावर आली आहेत आणि त्यांपैकी एक तुमच्या बहिणीच्या यजमानांच्या कारखान्याचे आहे. त्यांचा दर सर्वांत कमी आहे, मालही चांगला आहे. तुम्ही त्यांच्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही आणि घेणारही नाही. मग अडचण कोठे आहे?

अडचण काहीच नाही, असे प्रामाणिक माणसालाही वाटते. किंबहुना त्यालाच ते अधिक वाटते, कारण त्याचा स्वतःवर विश्वास असतो. परंतु येथे प्रश्न तुमच्या सचोटीचा नाही. कंपनीने सोपवलेले कर्तव्य आणि आपला किंवा आप्तांचा लाभ ही दोन्ही एकाच निर्णयात येऊन मिळतात, त्या परिस्थितीला हितसंघर्ष म्हणतात. लाच घेणे हे कृत्य आहे आणि ते टाळणे आपल्या हाती असते. हितसंघर्ष मात्र आपण काही न करताही उद्भवतो. बहिणीचे लग्न कोणत्या घरी व्हावे, हे काही खरेदी विभाग ठरवत नाही!

आता पुढचा प्रसंग पाहा. मागणी त्याच कारखान्याला दिली गेली. सहा महिन्यांनी खोकी आठवडाभर उशिरा आली. करारानुसार दंड आकारायला हवा. ते पत्र तुम्ही लिहाल का? लिहिले, तर राखीपौर्णिमेला बहिणीच्या घरी जाताना पाऊल जड होईल. न लिहिले, तर नुकसान कंपनीचे. तुमच्या हाताखालचा लिपिक मालातील दोष नोंदवताना कचरू लागेल, कारण नाते त्याच्या कानावर गेलेले असते. ज्या पुरवठादाराचा दर नाकारला गेला, त्याला तर तुमची फाइल कितीही चोख असली तरी खरी वाटणार नाही. आपले दर आधीच त्या घरी कळले असावेत, असेच तो धरून चालेल. तसे घडले नव्हते, हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग तुमच्याजवळ उरलेला नसतो.

खरेदी विभागातील एका टेबलावर जे घडते, तेच कंपनीच्या शिखरावरही घडू शकते. हैदराबादच्या सत्यम कंप्यूटर सर्व्हिसेस या कंपनीच्या संचालक मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या कंपन्या ताब्यात घेण्यास मंजुरी दिली. व्यवहार सुमारे १.६ अब्ज डॉलरचा होता. सत्यम ही संगणक क्षेत्रातील कंपनी. मेटासचे काम जमीनजुमला आणि बांधकाम यांचे. मग ही खरेदी कशासाठी? मेटास कंपन्यांचा कारभार सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या मुलांकडे होता. मेटास हे नावही सत्यमची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने लिहून तयार झालेले. राजू कुटुंबाकडे सत्यमचे दहा टक्क्यांहूनही कमी भाग होते. म्हणजे पैसा मुख्यतः इतरांचा आणि लाभ घरचा. अमेरिकेच्या बाजारात सत्यमच्या रोख्यांची किंमत त्याच दिवशी निम्म्याहून खाली आली आणि काही तासांतच मंडळाला निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की कंपनीच्या हिशेबात अनेक वर्षे खोटे आकडे दाखवले जात होते आणि कागदावरच्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न म्हणजे मेटासचा व्यवहार होता.

संचालकांवर कायद्याचे बंधन आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १८४ नुसार संचालकाला आपले अन्यत्र असलेले हितसंबंध दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत कळवावे लागतात. नातलगांशी होणारे काही मोठे व्यवहार भागधारकांपुढेही मांडावे लागतात. मात्र ‘नातलग’ कोण, याची या कायद्यातील व त्याखालील नियमांतील व्याख्या पाहिली, तर तीत पती-पत्नी, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आहेत. मेहुण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही! आपल्याकडे मेहुण्याचा शब्द मोडणे किती कठीण असते, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच अनेक कंपन्यांच्या आचारसंहिता कायद्याच्या यादीवर थांबत नाहीत आणि सामान्य कर्मचाऱ्यालाही लागू होतात.

खोक्यांच्या प्रसंगात तुम्ही काय करायचे? दरपत्रके उघडण्यापूर्वीच वरिष्ठांना लेखी कळवायचे. तोंडी सांगितलेले पुढे कोणाला आठवत नाही. टिपण छोटे असावे: ‘या पुरवठादारांपैकी एका कारखान्याचे मालक माझ्या बहिणीचे पती आहेत. या खरेदीचा निर्णय, मालाची तपासणी आणि देयकांची मंजुरी अन्य अधिकाऱ्याकडे सोपवावी, ही विनंती.’ एवढे केल्यावर त्या कारखान्याला मागणी मिळणारही असेल. गुणवत्तेवर मिळाली, तर त्यात वावगे काही नाही. फक्त त्या कागदावर तुमची सही नसेल. घरी मात्र थोडे ऐकून घ्यावे लागेल: ‘सख्खा मेहुणा तिथे असून काय उपयोग झाला?’

आता असेच एक टिपण तुम्ही स्वतः लिहून पाहा. तुम्ही एका बँकेच्या कर्ज विभागात आहात आणि तुमच्या घरमालकांचा कर्जाचा अर्ज तुमच्याकडे आला आहे.