“मला घरातून कायद्यानं मोकळं व्हायचंय”
(गटाच्या मासिक बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



मागच्या वर्षी एका गावात गटाची बैठक संपवून मी गाडी चालू करत होते, तेवढ्यात एक मुलगी मागून पळत आली. वय सोळा. म्हणाली, “ताई, आईबापापासून कायद्यानं मोकळं होता येतं का? तिकडं परदेशात पोरं कोर्टात जाऊन होतात, मी मोबाईलवर पाहिलंय.”

वडील दारू पिऊन मारायचे, तिलाही आणि आईलाही. अकरावीला नाव घातलं होतं, ते बंद केलं. आखितीच्या आत लग्न उरकायचं असं नातेवाइकांत बोलणं चाललं होतं. आई आपल्याच एका गटाची सदस्य. (मुलीची ओळख पटेल असं मी काही लिहिलेलं नाही, काही तपशील बदललेतही. अशा मुलामुलींचं नाव, गाव, शाळा, फोटो छापायला कायद्यानंच मनाई आहे. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायलाही, हे लक्षात असू द्या.)

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं, पण तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर मला देता आलं नाही. मी केलं काय, तर तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, “पोरीचं असं असं म्हणणं आहे, जरा घरात समजुतीनं घ्या.” आईनं घरी विषय काढला. त्या रात्री दोघींनी मार खाल्ला, मुलीचा मोबाईल काढून घेतला आणि पुढचे पंधरा दिवस ती कुणाला दिसली नाही. आपण सगळ्या असंच करतो ना? आधी घरच्यांना सांगतो. पण त्रास घरातूनच असेल तर ते सांगणं मुलीच्या अंगावर येतं. ही चूक माझी होती, म्हणून पुढचं सगळं मी नीट वाचून, विचारून घेतलं.

तर तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की आपल्या देशात तसा कायदा नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात चौदा वर्षांवरचं मूल कोर्टात अर्ज करून पालकांच्या ताब्यातून मोकळं होऊ शकतं. पण त्यासाठी ते आधीच पालकांच्या संमतीनं वेगळं राहत असावं लागतं आणि स्वतःचा खर्च स्वतः सांभाळतंय हे दाखवावं लागतं. मूल मोकळं झालं की आईबापही पोसण्याच्या जबाबदारीतून मोकळे होतात. आपल्याकडच्या सोळा वर्षांच्या मुलीला हे परवडेल का, विचार करा. आपल्याकडे अठरा पूर्ण होईपर्यंत मूल अज्ञानच धरलं जातं. मुलगी घराबाहेर राहिली तरी तिचा वारसाहक्क जात नाही, आणि बापाची तिला पोसण्याची जबाबदारीही संपत नाही.

पण म्हणून मारकुट्या घरात अठरा वर्षांची होईस्तोवर दिवस मोजत बसायचं, असंही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांसाठी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असा शब्द आहे. घरात ज्याला मारहाण होते, ज्याचं शोषण होतं, ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ते मूल यात येतं. अठराच्या आत जिचं लग्न लावण्याचा घाट घातलाय, ती मुलगीसुद्धा येते. या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक स्त्री. नावात समिती असली तरी तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिचा आदेश म्हणजे नुसता सल्ला नव्हे.

या समितीपुढे मुलाला कोण आणू शकतं, याची यादी कायद्याच्या ३१ व्या कलमात आहे. पोलीस, सरकारी कर्मचारी, चाइल्डलाइन, संस्था, डॉक्टर, नर्स, समाजाची कळकळ असलेला कोणीही नागरिक, म्हणजे तुम्ही-मीसुद्धा. आणि त्याच यादीत लिहिलंय, ‘बालक स्वतः’. मुलगी स्वतः जाऊन उभी राहू शकते. वकील लागत नाही, बापाची सही लागत नाही. हे कलम मी आता पाठच करून ठेवलंय.

समितीपुढे गेल्यावर काय होतं, हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. आधी मुलीचं म्हणणं ऐकतात. घरी धोका असेल तर तिला लगेच परत पाठवत नाहीत. बालगृहात ठेवतात किंवा मावशी, आजी, मामा अशा कुणी जबाबदारी घेतली आणि समितीला ते योग्य वाटले तर त्यांच्याकडे देतात. मग घरची सामाजिक चौकशी होते. ती पंधरा दिवसांत व्हायला हवी, आणि शेवटचा निर्णय चार महिन्यांत. बालगृहात राहिलेल्या मुलीला अठरा झाले की बाहेर काढून विषय संपत नाही, एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलीला अटीत बसलं तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात.

एक गोष्ट मात्र मी कुणापासून लपवत नाही. मूल सुरक्षितपणे आपल्या कुटुंबात परत जावं हाच या कायद्याचा पहिला हेतू आहे. त्यामुळे समिती आईबापांना बोलावून, समज देऊन, लक्ष ठेवण्याच्या अटीवर मुलीला घरीही पाठवू शकते. ‘समितीकडे गेलं की सुटका’ असं मुलीला सांगू नका. ‘तुझं म्हणणं घराबाहेरचं कुणीतरी ऐकेल आणि कागदावर येईल’, एवढं मात्र खात्रीनं सांगा.

आता एक सावधगिरी. मुलगी रात्री तुमच्या दारात आली, तुम्ही तिला जेवू घातलं, निजवलं, इथपर्यंत बरोबर. पण कुणाला न कळवता आठ दिवस घरात ठेवून घेतली, तर तिचा बाप तुमच्यावर पळवून नेल्याची तक्रार करू शकतो. मन चांगलं असून भागत नाही. त्याच रात्री १०९८ ला फोन लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. ११२ लावला तरी चालेल. मुलीला चोवीस तासांच्या आत समितीपुढे न्यायचं असतं, पण प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. अकोल्याच्या डोंगरातल्या ताईंनी यासाठी घाबरू नये. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं.

आणि कागद! वयाच्या पुराव्यासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. घरात भांडण पेटलं की आधी कागद लपवले जातात. मोठ्या मुलींच्या दाखल्याची एक झेरॉक्स शाळेत किंवा विश्वासाच्या बाईकडे असू द्यावी.

लग्नाचं थोडं वेगळं सांगते, कारण पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ताईंना हे रोजचं आहे. कोयत्यावर जायचं, पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, म्हणजे पाचातली एक. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण, तर आपले ग्रामसेवक. अंगणवाडी ताई त्यांच्या मदतीला असतात. लग्न लागण्याआधी कळवलं तर न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच धरत नाहीत. लग्न होऊन गेलं असेल तरी २००६ च्या कायद्यानं मुलगी ते कोर्टातून रद्द करून घेऊ शकते, वीस वर्षांची होईपर्यंत.

हा हक्क मिळायला किती काळ गेला बघा. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवरा कोर्टात गेला, आणि १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने सांभाळले. त्यांच्या पाठीशी आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे होते. आपल्या गावातल्या मुलीच्या पाठीशी घरातलं कुणी असेलच असं नाही.

त्या सोळा वर्षांच्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगते. पंधरा दिवसांनी तिची आईच गटाच्या बैठकीला आली. हप्ता भरला, बाकीच्या बाया गेल्या तरी उठेना. मग म्हणाली, “ताई, मला काय घर सोडता यायचं नाही. पण तिला तरी न्या.” दुसऱ्या दिवशी आमच्या सीआरपी ताई आणि ती माउली मुलीला घेऊन नगरला समितीपुढे गेल्या. आईनं स्वतः सांगितलं, घरात काय चालतं ते. मुलीला मावशीकडे ठेवायचा आदेश झाला. कॉलेजात पुन्हा नाव घालायला सहा महिने गेले, एक वर्ष वायाच गेलं. बाप मावशीच्या दारात येऊन दोनदा तमाशा करून गेला. दुसऱ्या वेळी ११२ ला फोन केला, तेव्हापासून आला नाही. आई बाजाराच्या दिवशी भेटायला जाते, अजून त्याच घरात राहते. तिच्यासाठी काय करायचं, यावर गटात बोलणं चालू आहे.

पुढच्या बैठकीत दोन कामं करा. गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर १०९८, ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर मोठ्या अक्षरात लिहा. आणि गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, तिची शेवटची बैठक कधी झाली ते ग्रामपंचायतीत विचारून या. काय उत्तर मिळालं ते मला पुढच्या भेटीत सांगा.